नाशिकच्या अल्पभूधारक शेतकऱ्यासाठी बायोचार: बांधावरच्या काडीपासून पिकाच्या मुळापर्यंत

द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली मोठी छाटणी, आटोपली की निफाड, दिंडोरी आणि चांदवड तालुक्यांत द्राक्षबागांच्या बांधांवर काड्यांचे ढीग लागतात आणि त्यांतले बरेचसे ढीग पेटवून जागा मोकळी केली जाते. मालेगाव, येवला आणि नांदगाव भागात कापसाच्या पऱ्हाट्यांचे तेच होते आणि बागलाण-देवळ्यात डाळिंबाच्या छाटलेल्या फांद्यांचेही तेच होते. उघड्यावर पेटवलेल्या काडीतला जवळजवळ सगळा कार्बन हवेत जातो आणि शेतकऱ्याच्या हाती थोडी राख राहते. तीच काडी हवा कमी मिळेल अशा बेताने जाळली, तर तिच्या कोरड्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका कोळसा मिळतो. हा कोळसा चुलीत न घालता जमिनीत मिसळण्यासाठी केला, की त्याला बायोचार म्हणतात.

या विषयावर सध्या भरपूर बोलले जाते आणि त्यात अतिशयोक्तीही भरपूर असते. म्हणून माझे मत आधीच सांगतो. विकत आणून एकरी टनावारी टाकण्याची ही वस्तू दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला परवडणारी नाही. मात्र आपल्याच शेतातली वाया जाणारी काडी, आपल्याच जमिनीत खणलेला खड्डा, आपल्याच गोठ्यातले शेण आणि गोमूत्र, आणि पिकाच्या मुळाशी मोजून दिलेली थोडी मात्रा, एवढ्या चौकटीत राहिल्यास हलक्या आणि थकलेल्या जमिनीवर बायोचार खरोखर उपयोगी पडतो. पुढील सगळी माहिती याच चौकटीतली आहे.

आधी जमीन पाहावी

बायोचार हे खत नाही. त्यात नत्र नगण्य असते आणि जे असते तेही पिकाला सहज मिळत नाही. त्याचा उपयोग त्याच्या रचनेत आहे. लाकडातील सूक्ष्म नळ्या कोळशात तशाच राहतात, त्यामुळे त्याच्या आत पाणी, विरघळलेली अन्नद्रव्ये आणि सूक्ष्मजीव यांना जागा मिळते. शेणखत आपल्या हवामानात एक-दोन हंगामांत कुजून संपते. नीट तयार झालेला बायोचार मात्र दशकानुदशके जमिनीत टिकतो. अॅमेझॉनच्या खोऱ्यात शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी कोळसा, शेणामुताचा व स्वयंपाकघराचा कचरा आणि हाडे मिसळून घडवलेली काळी माती आजही आजूबाजूच्या मातीपेक्षा सुपीक आहे आणि बायोचारवरील आधुनिक संशोधनाला चालना तिथूनच मिळाली.

परंतु अॅमेझॉनची मूळ माती आम्लधर्मी आहे, हा मुद्दा नाशिकच्या शेतकऱ्याने विसरता कामा नये. जगभरातील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणारा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण कटिबंधातील शेतांवर सरासरी सुमारे २५ टक्के उत्पादनवाढ दिसली, तर समशीतोष्ण प्रदेशांत सरासरी वाढ दिसलीच नाही. उष्ण कटिबंधातील त्या जमिनी प्रामुख्याने आम्लधर्मी आणि निकस होत्या आणि तिथे राखेसह आलेल्या बायोचारने चुन्यासारखे आम्लता कमी करण्याचेही काम केले. शिवाय अनेक चाचण्यांतील मात्रा हेक्टरी १५ टनांच्या आसपास होती, जी आपल्याकडच्या छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून हा २५ टक्क्यांचा आकडा कोणी आपल्या बांधावर येऊन सांगितला, तर त्याला आधी मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्ल निर्देशांक (pH), विचारावा.

नाशिक जिल्ह्याच्या एकाच नकाशात दोन वेगळी जगे आहेत. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत मुसळधार पाऊस पडतो. इगतपुरीत तर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पडतो. उतारावरच्या तांबड्या मातीतली अन्नद्रव्ये पाण्याबरोबर वाहून जातात आणि सामू आम्लतेकडे झुकतो. नागली, वरई आणि भाताच्या या जमिनींना बायोचारचा सर्वाधिक फायदा होण्याची शक्यता आहे. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव या पट्ट्यात पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या घरात असतो. तिथल्या मुरमाड, उथळ जमिनीत पाणी थांबत नाही, त्यामुळे तिथे पाणी धरून ठेवण्याच्या गुणासाठी बायोचार वापरता येतो.

मध्येच निफाड आणि गोदाकाठचा भारी काळ्या मातीचा पट्टा आहे. इथला सामू मुळातच ८ च्या आसपास असतो, चुनखडी असते आणि कालव्याच्या पाण्याखाली काही जमिनी चोपण, म्हणजे क्षार साचून घट्ट, झालेल्या आहेत. बायोचारचा सामू ८ ते १० पर्यंत असतो, त्यामुळे अशा जमिनीत तो ढिगाने घातल्यास लोह आणि जस्ताची कमतरता वाढू शकते. भारी काळ्या जमिनीत पाणी धरण्याचा प्रश्नही नसतो, तिथला प्रश्न निचऱ्याचा असतो. अशा शेतकऱ्याने बायोचार थेट शेतात न टाकता शेणखताच्या खड्ड्यात किंवा गोठ्यात वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यामुळे पहिली पायरी माती परीक्षणाची. अहवालात सामू, क्षारता म्हणजे विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना हे चार आकडे पाहावेत. सामू ७.५ च्या आत आणि सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर निर्धास्तपणे चाचणी घ्यावी. सामू ८ च्या वर आणि क्षारताही जास्त असेल, तर थेट वापर टाळावा.

कोणती काडी वापरावी

जी काडी जनावर खाते, ती भट्टीत जाता कामा नये. मक्याचा आणि ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचे भूस, भाताचा पेंढा हे सगळे दुभत्या जनावरांच्या वाट्याचे आहे आणि दोन गाईंचे दूध हा अल्पभूधारकाच्या घरातला रोजचा पैसा आहे. त्याचप्रमाणे द्राक्षबाग हलक्या जमिनीवर असेल आणि काड्यांचा चुरा करणारे यंत्र भाड्याने मिळत असेल, तर त्या काड्या बागेतच आच्छादन म्हणून टाकणे अनेकदा अधिक सोपे आणि स्वस्त पडते. बायोचारसाठी तीच काडी घ्यावी जी एरवी पेटवलीच जाणार आहे: पऱ्हाट्या, तुराट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे, छाटणीच्या जाड फांद्या, आणि पडीक रानात माजलेली घाणेरी व वेडी बाभूळ. उभी झाडे यासाठी तोडू नयेत. त्यात झाडाचे नुकसान आहेच, शिवाय महाराष्ट्रात वृक्षतोडीवर १९६४ पासून कायद्याचे नियंत्रण आहे.

डाळिंबाच्या बाबतीत एक विशेष फायदा आहे. तेल्या किंवा मर रोग आलेल्या बागेतल्या फांद्या बाहेर नेऊन जाळून टाकण्याची शिफारस असतेच. भट्टीत ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान जाते आणि त्यात रोगाचे जंतू शिल्लक राहत नाहीत, त्यामुळे जे जाळायचेच आहे त्याचा कोळसा करून घेता येतो. मात्र रोगट फांद्या छाटल्या त्याच दिवशी बागेबाहेर न्याव्यात. वाळण्यासाठी बागेतच पसरून ठेवल्यास सगळा हेतूच संपतो.

द्राक्षाच्या काडीबाबत याउलट सावधगिरी हवी. बोर्डो मिश्रण आणि इतर ताम्रयुक्त बुरशीनाशकांच्या फवारण्यांमुळे काडीच्या सालीवर तांबे साचलेले असते. तांबे हा धातू असल्याने तो जळून जात नाही, उलट काडीचे वजन घटल्यामुळे कोळशात त्याचे प्रमाण वाढते. द्राक्षाच्या काडीचा बायोचार त्याच बागेत वर्षानुवर्षे परत टाकू नये. तो कांदा, मका किंवा ज्वारीच्या शेतात फिरवावा आणि एका शेतात एकदा टाकला की काही वर्षे पुन्हा टाकू नये. काड्या बांधायला वापरलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, तारा, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे आणि मल्चिंग पेपर हाताने वेचून बाहेर काढल्याशिवाय एकही मोळी खड्ड्याजवळ नेऊ नये. प्लॅस्टिकच्या धुराचा त्रास तर होतोच, त्याचे विषारी अवशेष कोळशावरही बसतात.

काडी कडक वाळलेली हवी. हाताने मोडल्यावर ती ‘कट’ असा आवाज करून तुटली पाहिजे. वाकून दुमडली तर अजून ओल आहे. अंगठ्याएवढी जाडी सर्वांत चांगली. मनगटाएवढे तुकडे असतील तर ते वेगळे काढून खालच्या थरांत घालावेत, म्हणजे त्यांना जळायला पुरेसा वेळ मिळतो.

खड्डा

तीन मार्ग उपलब्ध आहेत. २०० लिटरच्या लोखंडी पिंपाला भोके पाडून केलेली भट्टी हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, म्हणजे ‘क्रीडा’ने विकसित केली आहे. तिची क्षमता लहान असल्याने ती घरगुती प्रमाणासाठी ठीक आहे. दुसरी भट्टी पत्र्याच्या शंकूची. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ च्या सुमारास ‘कोन-टिकी’ नावाने पुढे आलेली ही रचना गावातला वेल्डिंगवालाही करून देऊ शकतो आणि बचत गटाने किंवा शेतकरी गटाने ती मिळून घेतल्यास शेतोशेत फिरवता येते. तिसरा मार्ग मातीत खणलेल्या शंकूच्या आकाराच्या खड्ड्याचा. त्याला टिकाव-फावड्याशिवाय काहीच खर्च नाही, म्हणून सुरुवात त्यानेच करावी.

खड्डा वर ५ फूट, तळाशी २ फूट व्यासाचा आणि अडीच फूट खोल असावा. यात सुमारे ७०० लिटर कोळसा मावतो. भिंती सरळ उभ्या न ठेवता उतरत्या ठेवाव्यात आणि निघालेली माती काठाभोवती वीतभर उंच, गोल रचून दाबावी. भिंतीवरून हवा आत शिरू नये हे महत्त्वाचे आहे. मुरमाड जमिनीत खड्डा चांगला टिकतो. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यांतून खालून हवा आल्यास कोळशाची राख होते. म्हणून तिथे आतून शेण-मातीचा जाड लेप देऊन तो वाळू द्यावा. वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला वाळलेले गवत, उभा गहू, कांदाचाळ, शेडनेट किंवा झोपडी नसावी आणि डोक्यावर विजेच्या तारा नसाव्यात. कांदाचाळ बहुधा बांबू-लाकडाची असते आणि तिच्यात वर्षाचा पैसा भरलेला असतो, त्यामुळे तिच्यापासून १०० फूट तरी अंतर ठेवावेच.

वेळेची निवडही विचारपूर्वक करावी. उन्हाळ कांद्याची काढणी आणि खरड छाटणी दोन्ही मार्च ते मे दरम्यान येतात, तेव्हा घरातले सगळे हात गुंतलेले असतात. कांदा चाळीत गेल्यावर मेचा दुसरा पंधरवडा बहुतेकांना सोयीचा पडतो. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हाच भट्टी लावावी. दुपारचा वारा सुटण्यापूर्वी ती विझलेली असली पाहिजे.

जाळण्याची रीत

इथे सवयीच्या अगदी उलट वागावे लागते. काड्यांचा खड्डाभर ढीग करून खालून पेटवला, तर ती साधी होळी झाली. खड्ड्याच्या तळाशी, मध्यभागी, बारीक कोरड्या काड्यांची गुडघाभर उंचीची रचना करून ती वरून पेटवावी. आग तळाशी पसरली आणि निखाऱ्यांचा थर झाला, की त्यावर काड्यांचा एक पातळ थर पसरावा. हा थर पेटला की त्यातून निघणारा वायू वरच्या ज्वाळेत जळतो आणि ती ज्वाळा वरून येणारी हवा वापरून टाकते, त्यामुळे ज्वाळेखालच्या कोळशापर्यंत हवा पोहोचत नाही. संपूर्ण पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

पुढचा थर कधी टाकायचा हे काडीच सांगते. वरच्या काड्यांवर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाकावा. उशीर केला तर कोळसा जळून राख होते. घाई केली किंवा एकदम मोठा भारा टाकला तर ज्वाळा दबते आणि दाट पांढरा धूर निघू लागतो. धूर दिसला की टाकणे थांबवून ज्वाळा पुन्हा उसळण्याची वाट पाहावी. चांगली चाललेली भट्टी पहिली काही मिनिटे सोडता जवळजवळ धूर देत नाही. खड्डा भरेपर्यंत साधारण ३ ते ४ तास लागतात आणि या काळात दोन माणसांनी तिथून हलू नये. अंगावर सुती कपडे, पायात बूट, तोंडाला ओला रुमाल असावा. नायलॉनची साडी किंवा ओढणी अंगावर असताना हे काम करू नये आणि लहान मुलांना खड्ड्याजवळ फिरकू देऊ नये.

भाताचा तूस या खड्ड्यात जळत नाही, कारण त्याचा थर ज्वाळा दाबून टाकतो. इगतपुरी भागात गिरणीवरचा तूस मिळत असेल, तर भोके पाडलेली पत्र्याची नळी मध्ये उभी करून तिच्यात आग ठेवावी आणि भोवती तुसाचा ढीग रचावा. तूस आतून बाहेर काळा होत येतो. पूर्ण काळा होताच, राखाडी होण्यापूर्वी, तो पसरून विझवावा.

विझवणे आणि तपासणे

शेवटच्या थराची ज्वाळा बसली, पण वरचे निखारे अजून लाल आहेत, तेव्हा पाणी ओतावे. एवढ्या खड्ड्याला ३०० ते ४०० लिटर पाणी, म्हणजे २०० लिटरची दोन पिंपे, भट्टी पेटवण्याआधीच भरून जवळ ठेवलेली हवीत. पाणी कडेने आणि सावकाश ओतावे, कारण अंगावर येणारी गरम वाफ चांगलीच भाजते. नांदगाव-येवल्याकडे मे महिन्यात प्यायला टँकर येत असताना हे पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. तिथे वीतभर ओलसर मातीने खड्डा पूर्ण झाकून टाकावा आणि दोन दिवस उघडू नये. कुठून धूर निघताना दिसला तर तिथे आणखी माती टाकावी. या रीतीने कोळसा थोडा कमी मिळतो आणि त्यात माती मिसळते, पण शेतातच टाकायचा असल्याने त्याचे नुकसान नाही.

विझलेला वाटणारा ढीग आतून धुमसत असतो आणि रात्रीच्या वाऱ्यावर पुन्हा पेटू शकतो. बाहेर काढून पातळ पसरल्यावर, हात घालून थंड लागल्याशिवाय तो गोणीत भरू नये आणि घरात किंवा चाळीत तर मुळीच ठेवू नये.

चांगला बायोचार वजनाला हलका असतो, तुकडा मोडल्यास आतपर्यंत एकसारखा काळा दिसतो आणि हाताला लागलेला काळेपणा नुसत्या पाण्याने धुतला जातो. हात तेलकट, चिकट राहिले आणि डांबरासारखा वास आला, तर काडी अर्धवट भाजली आहे. असे तुकडे वेगळे काढून पुढच्या भट्टीत टाकावेत.

नंतर तो ओला असतानाच गोणपाटाखाली घालून बडवावा किंवा त्यावरून ट्रॅक्टर फिरवावा. हरभऱ्याच्या दाण्याएवढा किंवा त्याहून बारीक झाला की पुरे. कोरडा कोळसा कुटला तर त्याची धूळ फुप्फुसात जाते. हे काम बहुतेक घरांत बायका करतात, म्हणून कोळसा ओला ठेवण्याचा नियम कटाक्षाने पाळावा.

मुरवणे

ताजा बायोचार थेट शेतात टाकणे ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. रिकामा कोळसा जमिनीतले नत्र आणि पाणी स्वतःकडे ओढतो, रोपे पिवळी पडतात आणि शेतकरी कायमचा या मार्गावरून परततो. त्याला आधी अन्नद्रव्यांनी भरून घ्यावे लागते.

सर्वांत सोपा मार्ग गोठ्याचा आहे. गाई-म्हशींच्या पायाखाली, जिथे मूत्र साचते तिथे, रोज घमेलेभर बारीक कोळसा पसरावा आणि शेण उचलताना तो शेणासोबत उकिरड्यावर जाऊ द्यावा. मूत्रातले नत्र एरवी अमोनियाच्या वासाने उडून जाते. त्याचा मोठा भाग कोळसा धरून ठेवतो, गोठ्याचा वास कमी होतो आणि जास्तीची मजुरीही लागत नाही. कोंबड्यांच्या शेडमधील तुसातही असेच करता येते. दुसरा मार्ग शेणखताच्या खड्ड्याचा: खत रचताना दर वीतभर थरावर बायोचारचा पातळ थर द्यावा, एकूण आकारमानाच्या १० ते २० टक्क्यांपर्यंत. भारी काळ्या आणि चुनखडीच्या जमिनीसाठी हाच मार्ग योग्य आहे.

तिसरा मार्ग घाईच्या वेळचा. जेवढी घमेली बायोचार तेवढीच घमेली ताजे गोमूत्र किंवा शेणाची स्लरी घेऊन पिंपात कालवावे, वर गोणपाट टाकावे आणि सावलीत दोन ते चार आठवडे ठेवावे. जीवामृत करणाऱ्यांनी २०० लिटरच्या पिंपातले तयार जीवामृत यासाठी वापरले तरी चालते. नेपाळमध्ये भोपळ्यावर घेतलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रानात माजलेल्या झुडपाचा बायोचार गोमूत्रात समप्रमाणात मुरवून हेक्टरी फक्त ७५० किलो, तोही मुळाजवळ, दिला होता. त्या वाफ्यांचे उत्पादन नुसते गोमूत्र दिलेल्या वाफ्यांच्या चौपट आणि नुसता बायोचार दिलेल्या वाफ्यांपेक्षा ८५ टक्के अधिक आले. चौपट वाढीची आशा नाशिकच्या शेतात कोणी धरू नये, कारण ती एका पिकावरची, एका ठिकाणची चाचणी आहे. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की थोडी मात्रा पुरते, पण ती मुरवलेली आणि मुळाशी हवी.

पिकाला किती आणि कसे

हिशेब गुंठ्यावर करावा. गुंठ्याला १० किलो म्हणजे एकरी ४०० किलो, हेक्टरी जवळपास १ टन. पहिल्या वर्षी याहून जास्त टाकू नये. ओल्या कोळशाचे वजन फसवे असते, म्हणून आपले घमेले एकदा कोरड्या कोळशाने भरून तोलून घ्यावे आणि पुढे घमेल्यांनीच मोजावे.

सुरुवातीसाठी कांद्याच्या रोपवाटिकेइतकी चांगली जागा नाही. एका एकराच्या लागवडीला साधारण २ ते ३ गुंठ्यांवर रोप टाकावे लागते, म्हणजे पहिल्या वर्षी २० ते ३० किलो मुरवलेला बायोचार पुरतो आणि एका भट्टीतून ते सहज निघते. गादीवाफ्याच्या वरच्या तीन-चार बोटे थरात तो शेणखतासोबत मिसळावा. पुनर्लागवडीच्या शेतात तो शेवटच्या वखरणीआधी पसरावा किंवा सरी पाडताना सरीतच द्यावा. टोमॅटो, मिरची, वांगी यांना लागवडीच्या खड्ड्यात मूठभर पुरे. डाळिंबाला बहार धरताना ठिबकच्या तोट्यांखाली उथळ चर घेऊन वरच्या एकरी मर्यादेत राहून तो शेणखतात मिसळून द्यावा आणि मातीने झाकावा. उघडा राहिलेला बायोचार पहिल्या वळवाच्या पावसात वाहून बांधाबाहेर जातो.

तणनाशकांबाबत एक इशारा महत्त्वाचा आहे. पेंडीमिथॅलिनसारखी, उगवणीपूर्वी मातीवर फवारायची तणनाशके बायोचार स्वतःला चिकटवून घेतो आणि त्यांचा परिणाम घटतो. कांद्यात खुरपणीचा खर्च मोठा असल्याने हे आधीच ध्यानात घ्यावे. बायोचार वरच्या थरात न पसरता सरीत खोलवर दिल्यास ही अडचण कमी होते.

पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकच्या डोंगरी भागात भात-नागलीच्या रोपासाठी राब भाजण्याची जुनी रीत आहे. त्यात पालापाचोळा, फांद्या आणि शेण जमिनीवर पसरून जाळतात. त्यातून तण मरते आणि राखेचे खत मिळते, म्हणून ती रीत टिकली. ती एकदम सोडायला सांगणे योग्य नाही. एका वाफ्यावर नेहमीचा राब भाजावा आणि शेजारच्या वाफ्यावर घाणेरीच्या काड्यांचा, गोमूत्रात मुरवलेला बायोचार शेणखतासह मिसळून गादीवाफा करावा. दोन्हीकडची रोपे आवणीच्या, म्हणजे पुनर्लागवडीच्या, वेळी शेजारी ठेवून पाहिल्यावर बाकीचे सांगावे लागणार नाही. घाणेरी बिया पडण्यापूर्वी तोडली तर रानही मोकळे होते.

संसाराचा हिशेब

वर सांगितलेल्या एका खड्ड्याला ६०० ते ८०० किलो कोरडी काडी लागते आणि त्यातून १२० ते १६० किलो बायोचार निघतो. काडी गोळा करणे धरून दोन माणसांचा एक दिवस जातो. रोज ४०० रुपये धरला, तर १४० किलोला ८०० रुपये, म्हणजे किलोला पावणेसहा रुपयांच्या आसपास. एकरी ४०० किलोसाठी साधारण २,३०० रुपये, त्यात कुटणे, मुरवणे आणि पसरणे यांची मजुरी मिळवून ३,००० रुपये. ज्याने त्याने इथे आपल्या गावचा रोज घालावा. कांद्याला क्विंटलला १,५०० रुपये मिळाले, तर हा खर्च भरून निघायला एकरी दोन क्विंटल जास्त यावे लागतात. भाव ८०० वर आला तर जवळजवळ चार. लासलगावच्या भावाची खात्री कोणीच देऊ शकत नाही, म्हणून खर्चाची बाजू घरच्या मजुरीत आणि मोकळ्या दिवसांत बसवणे हाच अल्पभूधारकाच्या हातातला उपाय आहे.

एकरी शंभर क्विंटलच्या पिकात दोन क्विंटलचा फरक डोळ्यांना दिसत नाही. शेताच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना त्याहून जास्त फरक पडतो. म्हणून चाचणी नीट घ्यावी: एकाच शेतात, एकाच दिवशी लागवड केलेले, एकाच जातीचे किमान सहा वाफे निवडावेत, एकाआड एक तीन वाफ्यांत बायोचारसह शेणखत आणि तीन वाफ्यांत तेवढेच नुसते शेणखत द्यावे. बाकी पाणी, खत, फवारणी समान असावी. प्रत्येक वाफ्याचा कांदा वेगळा तोलावा. पाण्याच्या दोन पाळ्यांतले दिवस, रासायनिक खताच्या गोण्या आणि खुरपणीची मजुरी वहीत लिहावी. हलक्या जमिनीत उत्पादन वाढले नाही तरी पाण्याची एक पाळी वाचली, तर ज्याची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते त्याच्यासाठी ती कमाईच आहे. बायोचार जमिनीत टिकून राहत असल्याने निदान तीन हंगाम याच वाफ्यांची नोंद ठेवावी.

ज्यांच्याकडे जमीन थोडी आणि हात जास्त आहेत, त्यांना यात रोजगारही दिसतो. पेठ-सुरगाण्यातली अनेक कुटुंबे छाटणीच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येतात आणि काडी त्यांच्याच हातांनी बांधावर जाते. बागायतदाराने काडीचा कोळसा करायचे काम त्यांना वेगळ्या दराने दिले आणि त्यातला काही भाग धान्याच्या वाट्यासारखा त्यांना घरी नेऊ दिला, तर तो डोंगरातल्या आम्लधर्मी मातीत जास्त उपयोगी पडेल. छाटणीच्याच रोजात हे धुराचे, उष्णतेचे काम करून घेणे मात्र अन्यायाचे आहे. बचत गटाला बायोचारयुक्त खत गोणीत भरून विकायचे असेल, तर खतांची विक्री खत नियंत्रण आदेश १९८५ च्या कक्षेत येत असल्याने तालुका कृषी कार्यालयात आधी विचारणा करावी. जमीन तपासणी आणि चाचणीच्या आखणीसाठी जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रे, तसेच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे इगतपुरी, निफाड आणि पिंपळगाव बसवंत येथील संशोधन केंद्रांतले शास्त्रज्ञ यांच्याशी बोलता येते.

कार्बन क्रेडिटचे पैसे, म्हणजे हवेतला कार्बन जमिनीत अडकवल्याबद्दल कंपन्या देतात ते पैसे, हा विषय आता गावागावांत पोहोचू लागला आहे. एक टन बायोचारमध्ये ७० टक्के कार्बन धरला, तर तो अडीच टनांहून थोड्या अधिक कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा होतो. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत १ लाख टनांची अशी क्रेडिट्स घेण्याचा करार जाहीर केला, त्यामुळे बाजार खरा आहे. पण वर्षाला टनभर कोळसा करणारा शेतकरी त्या बाजारात एकटा उभा राहू शकत नाही. प्रत्येक भट्टीची नोंद, छायाचित्रे, ओलाव्याची आणि कार्बनची तपासणी, तो जमिनीतच गेल्याचा पुरावा, हे सगळे करणारी मध्यस्थ संस्था लागते आणि तिचा खर्च क्रेडिटच्या किमतीतून जातो. अशा संस्थेचा कागद समोर आला, तर तो मराठीत मागावा. टनामागे शेतकऱ्याच्या हातात किती रुपये, कोणत्या महिन्यात येणार, करार किती वर्षांचा, मधून बाहेर पडता येते का, तयार बायोचार कोणाच्या मालकीचा, आणि सातबाऱ्यावरच्या जमिनीवर त्यामुळे कोणते बंधन येते, हे त्यात लिहिलेले असावे. नोंदणी शुल्क म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला परत पाठवावे आणि सही ग्रामसभेत किंवा गटाच्या बैठकीत कागद मोठ्याने वाचून झाल्यावरच करावी.